दादाने आणलेली पोवळ्यासारखी अळंबी

वहिनी,

दादाने रानातून आणलेली ती पोवळ्यासारखी फांद्याफांद्यांची अळंबी चाखूसुद्धा नकोस. ती कुजक्या ओंडक्यावर उगवलेली आहे, दाबली की तपकिरी पडते आणि कणभर जिभेला लावून थुंकली तरी कडूजहर लागते. ही खायची जात नव्हे. माणूस मरणार नाही, पण पोटात कळा येऊन उलट्या होतील.

हे मी त्याला सकाळीच सांगितलं. तो म्हणाला, "आधी तुझ्या वहिनीला खाऊ दे. तिला काही झालं नाही, तर आपण बसू." आई हसली.

मी लॅबला चाललेय. जेवताना तो लाडाने पहिला घास भरवायला येईल. भुलू नकोस. लग्न झाल्यापासून त्याने तुला कधी साधं पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

तुझी नणंद