सुमनच्या टाक्यातला पट्टेवाला

८ जुलै
सुमनले हैदराबादले पोरीकडे जाऊन आज पाच महिने. बाळंतपण झालं की येते म्हणे. मग, नात मान धरू दे. आता काय तं, बसू दे.
सकाळी तिच्या गांडूळखताच्या टाक्याले पाणी मारायले मागे गेलो. विटेवर एक लांब, चपटी, पायजम्याच्या नाडीसारखी वस्तू. पिवळट, पाठीवर काळे पट्टे, डोकं अर्ध्या चंद्रासारखं. सरकून राहिली होती! इथं बूढ़ापाऱ्यात, याच मोहल्ल्यात जन्म गेला, असं जनावर नाही पाहिलं.

९ जुलै
गांडूळ खाते तो. स्वतःपेक्षा जाड गांडुळाले विळखा घालून बसला होता. गांडूळ तडफडे, हा सोडेना. खुरपीनं तीन तुकडे केले. बरं वाटलं.
संध्याकाळी सु.चा फोन. पहिला प्रश्न नेहमीचाच, "अहो, गांडुळं कशी आहेत?" म्हटलं, मजेत. माझं विचारलं नाही. म्हणजे विचारलं, शेवटी. बी.पी.ची गोळी.

२१ जुलै
टाक्यात दोन लहान पट्टेवाले. माती उकरली तं तिसरा. बाजूच्या साहू मॅडमले बोलावलं, कॉलेजात झूलॉजी शिकवतात.
"अंकल, आपने काटा था क्या?"
"हव."
हसल्या. म्हणे, तुकड्याले दहा-बारा दिवसांत नवीन डोकं फुटते. नाही कापला तरी शेपटीचा तुकडा आपणच मागे सोडते, त्याचा दुसरा होते. मूळचा इकडचा नाही, कुंड्यांच्या मातीतून गावोगाव जाते. उघड्या हातानं धरू नका, अंगात विष. मीठ टाका.
कुंडी. भनपुरीच्या नर्सरीतून मोगरा मीच आणला. सु. येईल तेव्हा फुललेला असावा म्हणून.
कोणाले सांगू.

२७ जुलै
रोज सकाळी, ऊन चढायच्या आधी, चिमटा अन् मिठाचा डबा. आज सात. एकाले मारायच्या आधी पाहत बसलो. डोकं इकडून तिकडे हलवत गांडुळाचा माग काढते. तोंड डोक्यात नाहीच, पोटाखाली मधोमध. तिथून पांढरं काहीतरी बाहेर काढते अन् गांडूळ विरघळवून पिते. सु. असती तं दोघांनी मिळून पाहिलं असतं. तिनं त्याले शिव्या घातल्या असत्या, अन् उठलीही नसती.
गुडघे आखडले.

४ ऑगस्ट
टाकं उपसलं. गांडुळं बारा. माहेराहून, भंडाऱ्याहून आणली होती तिनं, गाडीत डबा मांडीवर धरून. आज फोनवर सांगून टाकलं.
"किती उरली?"
"बारा."
"बादलीत ठेवा. जुनी माती नको त्यात. अन् टाकं वाळू द्या चांगलं." मग, "रडता काय?"
"नाही."
मोगऱ्याचं नाही सांगितलं.

६ ऑगस्ट
पोरीचा फोन. "पापा, मैं ऑफिस जॉइन कर रही हूँ। मम्मी दिवाली तक रुक जाए ना?"
हो म्हटलं. लगेच. काहून म्हटलं...

१३ ऑगस्ट
तीन दिवसांत पट्टेवाला एकच, तोही वीतभर नाही. मॅडम म्हणतात, इतक्यात खुश होऊ नका.
दुपारी फोन. सु. नातीच्या लसीचं सांगत होती, ताप आला होता, रात्रभर जागरण. मी मधेच बोललो, "सुमन, मले करमत नाही." चौतीस वर्षांत पहिल्यांदा.
"मग पोरीले हो काहून म्हटलं? मले वाटलं, तुमचं चालून राहिलं तिथं."
म्हटलं, मले वाटलं तुलेच राहायचं आहे.
"मले कोणी विचारलं?"
तितक्यात पोट्टी उठली. सु.नं फोन खाली ठेवला, पण बंद नाही केला. तिचा आवाज येत होता, नातीले उगी उगी म्हणत होती. मी कानाले लावून बसून राहिलो.