लायलॅक गळायच्या आत

६ मे १८७७
झेलीचं पत्र! लग्नानंतर पाच वर्षांत माहेरून एक ओळ नाही, आणि आज धाकटीचं हे. निळं पाकीट, लाल लाखेचा ठिपका. ‘बाबा अंथरुणाला खिळलेत. तुझं नाव घेतात. लगेच ये.’ हेच बाबा तेव्हा म्हणाले होते — ‘रंगाऱ्यामागे जातेस ना? मग हा उंबरा विसर.’

माहेर रूआँला, इथून आगगाडीने चार तास. पण आन्सेल्मने कालच नवं चित्र धरलंय — बागेत मी, पांढरा झगा, मागे जांभळी लायलॅक. फुलं आठ दिवसांची सोबती. गेल्या प्रदर्शनात पॅरिसचे लोक त्याच्या चित्रांपुढे खो खो हसले. या चित्रात त्याचा जीव अडकलाय. सांगितलं तर कुंचला टाकून मला स्टेशनवर पोहोचवील — ओळखते मी नवऱ्याला! पत्र शिवणाच्या टोपलीत, कापडांच्या तळाशी घातलं. सांगायचं नाही.

७ मे
बाकावर बसले. टोपली पायाशी. तो एकदम म्हणाला, ‘काय डोळे दिसतायत आज तुझे! अश्शीच राहा, होनोरीन. हाच चेहरा हवा होता.’

ऊन सरल्यावर उठले, बघते तर पाकीट टोपलीत वरच! मेली मांजर, रोज टोपली उचकते. लगेच गादीखाली दडवलं. त्याने पाहिलं नसणार. त्याला उन्हापलीकडे दिसतं काय!

९ मे
ढग. काम बंद. आज जाऊन आले असते तर? दूधवाली गूदेबाई कुंपणावरून — ‘नवरा आभाळाकडे बघतो, बायको नवऱ्याकडे. चुलीकडे कोण बघतं गं तुमच्यात?’ हसले. नंतर आत जाऊन रडले.

१० मे
ऊन. बसले. बाबा, चार दिवस कळ काढा.

१२ मे
वारा सुटला. फुलं गळायला लागली. आज सांगणारच होते. तोंड उघडलं तर तो — ‘बोलू नकोस, ओठ हलतात! दोन दिवस दे मला. दोनच!’ तो कधी विनवत नाही. दिले.

१४ मे
काळ्या काठाचं पाकीट. बाबा काल पहाटे गेले. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, असं झेली लिहिते. उद्या दुपारी पुरणार.

आन्सेल्मला सगळं सांगितलं. मला कुशीत घेऊन तोच रडला. ‘अगं वेडे, आधी नाही का सांगायचंस? त्याच दिवशी पाठवलं असतं तुला!’ मीच करंटी. त्याचा काय दोष?

१५ मे, पहाटे
सहाची गाडी. काळी टोपी त्याच्या चित्रांच्या खोलीत राहिली होती, आणायला गेले. तो झोपलेला. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं — पुरं होईतो मला बघू देत नाही. फिरवलं.

सुंदर आहे. मी, ऊन, लायलॅक. पायाशी टोपली, आणि टोपलीत सगळ्यात वर निळं पाकीट, लाल ठिपक्यासकट.

मांजर नव्हती ती. म्हणूनच तर ‘दोन दिवस दे’ अशी विनवणी. त्याने पत्र वाचलं होतं — आणि वाचून मला बसवलं.