मिठातली खोटी रेघ

नाशिक, बुधवार, ८ ऑगस्ट १९७९

डोकं अजून तापलेलं आहे. दहावीतल्या माझ्या नातीने, मीनूने, चाचणीत मिठाची रचना अगदी बरोबर काढली होती. प्रत्येक सोडियमभोवती क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सोडियम. सायन्सच्या मास्तरांनी त्यावर लाल फुली मारली! त्यांना एक सोडियम, एक क्लोरीन आणि मध्ये बंधाची एक रेघ हवी. लग्नातला फोटो आहे का तो? रेघ पाण्याच्या रेणूत शोभते, तिथे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊनच टाकतो. मग रेघ कसली?

संध्याकाळी मीनूला घेऊन शाळेत गेले. मास्तर हसले. "आजी, गाइडात असंच आहे. तुम्ही आता देवदेव करा."

"गाइड लिहिणाऱ्यालाही पाठवा माझ्याकडे. दोघांना एकदमच शिकवते."

फुली तशीच राहिली. ती रेघ!

परतताना मीनू रडत म्हणाली, "आजी, तुझंच बरोबर आहे गं. पण बोर्डात मी रेघच काढणार. मार्क गेले तर सायन्सला कोण घेईल मला?"

नको म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. जन्मभर मुलींना हाच विषय शिकवला, आणि आज चुकीच्या उत्तराला गप्प राहून होकार दिला. त्या मास्तराला हे मी कधीही माफ करणार नाही.