अंबुजेच्या उजव्या डोळ्याचे पाते

मी, सेतुराम कृष्णमूर्ति राव, वय एकाहत्तर, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टर शेषाद्रींनी लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आजवर कोणाचा चाललाही नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी अंबुजा हिला. तिच्यानंतर ही दोन्ही माझी मुलगी नंदिता हिला. इन्नंबूरचे भातशेत नंदिताला आत्ताच. तिने ते विकू नये, निदान मला विसरेपर्यंत तरी.

२. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची पाती करण्याचा माझा कारखाना. तो कोणाला, हे सांगण्याआधी चुलतभाऊ सुंदरेशविषयी लिहिणे भाग आहे.

तो माझ्याच कारखान्यातल्या बाकावर हे काम शिकला. कार्बन पोलादाइतकी धार दुसऱ्या पोलादाला येत नाही, हे मीच त्याला दाखवले. तिरुभुवनमच्या रेशमाचा एक तंतू ताणून बांधायचा आणि पाते वर अलगद टेकवायचे. स्वतःच्या वजनाने तंतू कापला तरच ते डब्यात जायचे. माझे पाते कधी नापास झाले नाही. तरी एके दिवशी हा आमच्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "अण्णा, तुमचें पातें पहिल्या वेळीं बरवें कापतें. दहा वेळ वाफेंत शुद्ध केल्यावर पाहा." मग वेगळा झाला आणि न गंजणाऱ्या पोलादाची पाती करू लागला. धार माझ्याहून केसभर कमी, पण दहाव्या वेळीही तेवढीच. दवाखाने एकेक करून त्याच्याकडे गेले. त्याच्या दाराशी दवाखान्याची गाडी थांबली की माझ्या पोटात दुखायचे. आजही दुखते. हा हेवा आहे, आणि मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू?

३. अकरा वर्षांपूर्वी अंबुजेच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पाते माझ्या नवऱ्याचेच हवे, असा तिने हट्ट धरला. मी माझे सर्वांत चांगले पाते काढले. ऐप्पसी महिना होता, आमच्याकडचे ऐन पावसाचे दिवस, हवा दमट. भिंगाखाली पाहिले तर धारेपाशी तपकिरी ठिपका, सुईच्या टोकाहून बारीक. गंज. तो तिच्या डोळ्यात सुटला असता तर? डोळ्यांच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणालो, सुंदरेशचे वापरा, घरी कोणाला सांगू नका.

डोळा उत्तम बरा झाला. तेव्हापासून ती गल्लीभर माझ्या पात्याचे कौतुक सांगते. पाते सुंदरेशकडूनच मागवलेले, त्यामुळे त्याला सगळे ठाऊक. तो समोर बसून ऐकतो आणि मान डोलावतो. गप्प राहण्यातही तो माझ्यापुढे गेला, हे मला सर्वांत जास्त झोंबते.

हे कलम माझ्यामागे अंबुजेला वाचून दाखवावे, असे मी पुढे लिहिणार होतो. पण येत्या गुरुवारी तिच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, आणि तिने डॉक्टरांना पुन्हा माझेच पाते सांगितले आहे. या हाताने आता पाते होत नाही. म्हणून पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि सांगून टाकले.

"मज तेव्हांच कळलें," ती केळफूल सोलता सोलता म्हणाली. "तुमचें पातें कोणाच्या डोळ्यास लागायचें असलें कीं त्या दिवशीं तुम्हांस घास उतरत नाहीं. माझ्या दिवशीं तीन इडल्या खाल्लांत. वर चटणी मागितलांत."

"मग गल्लीभर माझें नांव कां?"

"सुंदरेशाचें घेतलें असतें तर पुढें कधीं जेवलां असतां?"

४. कारखाना, सहाणेचे चाक आणि भिंग सुंदरेशला. माझा हेवा कमी झाला, असे यावरून कोणी समजू नये.

५. गुरुवारचे पाते मी स्वतः उद्या त्याच्या दारी जाऊन मागेन. हे मृत्युपत्रात बसत नाही, हे मला समजते. पण दोन साक्षीदारांसमोर लिहिले म्हणजे अर्ध्या वाटेतून परत येता येणार नाही.

सही: सेतुराम कृष्णमूर्ति राव

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून सही केली:
१. कृष्णकुमार, शेजारी
२. गोमती, निवृत्त शिक्षिका

कुंभकोणम, १९ ऑगस्ट २०२४