हीटरच्या दोन नळ्या

१९ जानेवारी
डुबूडू, डुबूडू. पहाटे अर्धवट झोपेत तोच आवाज. दादा गाडी सुरू करायचे, हीटरची खुंटी ओढायचे आणि डॅशबोर्डाखालच्या डब्यात पाणी बोलायला लागायचं. ल गा गा, ल गा गा. भुजंगप्रयात शाळेत शिकायच्या आधी मी वडिलांच्या गाडीत शिकलो.
उठून शेडात गेलो, बॉनेट उघडलं. हीटरच्या दोन्ही रबरी नळ्या गायब. इंजिनाच्या तोट्यांना लाकडी बुचं ठोकलेली.
मोतीबिंदूसाठी दवाखान्यात होतो, तेवढ्यात साधलं. नव्या डोळ्यांनी हे बघायचं होतं. काम धाकट्या भावाचं, दिनूचं. दुसरं कोण!

२० जाने.
दिनूला कुंपणावरून विचारलं. शेड दोघांच्या घरांच्या मधे, गाडी दोघांच्या नावावर, आणि बोलणं कित्येक वर्षं कुंपणावरूनच. तेही भांडायचं असेल तर.
"सडल्या होत्या. फेकल्या."
"विचारायचं तरी."
"इथं हीटर कशाला लागतो रे तुला? मे महिन्यात पापड भाजायला? आणि गाडी तरी कशाला? चितेगावचा तो हॉटेलवाला मागतोय. दारात सजवून उभी करतो म्हणला."
"सजवून म्हणजे?"
"बॉनेट काढायचं, आत माती भरायची, सदाफुली लावायची. लोक फोटो काढतेत."
हसला. मग त्यानंच अट घातली: रविवारी पाचोडला नेऊन आण. एकदाबी उकळली नाही तर तुझी, मी सही देतो. उकळली तर सोमवारी क्रेन.
बरं म्हणालो. हीटर जोडूनच नेईन, हेही म्हणालो.
"जोड, जोड. रस्त्यात च्या करून पी."

२१ जाने.
हीटर कुणासाठी होता ते बरं विसरला हा!
हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर एक साहेब गाशा गुंडाळून निघाला, त्याच्याकडून दादांनी गाडी घेतली. हीटर आयताच आला. काढून टाका म्हणाले सगळे. दादांनी ठेवला, कारण दिनूला दमा. हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी दादा पाचोडला रोगी तपासायला निघायचे, तेव्हा त्याला पुढं बसवायचे, पाय हीटरपाशी. त्या उबेत त्याची छाती मोकळी व्हायची. मी मागच्या सीटवर, कुडकुडत. पुढं त्याची छाती वाजतेय, हीटर वाजतोय, आणि मी त्या तालावर पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणतोय. बाहेर धुकं, ज्वारीची शेतं…
आणि त्याच हीटरच्या नळ्या त्यानं आता…

२३ जाने.
रफिकभाई मिस्त्री आले. येतानाच वैतागलेले. नळी आणली ती तोटीपेक्षा रुंद. म्हणे क्लिप आवळली की बसते. गळेल म्हणालो. नाय गळत म्हणाले. पाणी ओतलं, धार लागली. दोष माझ्या तोटीचा!
मग नळ्या न्यायच्या कुठून यावर जुंपली.
"बाजूसे लेतूं, बॅटरी के नीचे से."
"नाही. वरून. दादांच्या वेळी इंजिनावरून जायच्या, बॉनेटच्या दांडीला सुतळीनं बांधलेल्या."
"काका, आपको गाडी चलानी है की फोटो निकालना है?"
माझा आवाज चढला. त्यांचाही. पान्हा आपटला, "खुदीच करो फिर" म्हणत स्कूटरला किक मारली. मीही शिवी घातली. शुद्ध मराठीत. त्यांना कळली.

२५ जाने.
बरोबर मापाची नळी स्वतः आणली. स्वतः जोडली. एक नळी इंजिनाच्या मागच्या तोटीतून हीटरला, दुसरी हीटरमधून परत पंपाला. दोन्ही वरून, कमान करून, दांडीला सुतळी. अगदी तेव्हासारखं. क्लिपा आवळताना प्रत्येक वळशाला एक चरण.
सुरू केली. खुंटी ओढली.
डुबूडू, डुबूडू.
स्टीअरिंगवर डोकं टेकून बसलो. किती वर्षांनी! दादांच्या कोटाचा वास आला म्हटलं तर कुणाला पटेल?
कॉलनीला चक्कर मारली. वळणावर उष्णतेचा काटा लालमधे. वाफ. उकळली.
दिनू गच्चीत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

२६ जाने.
पाणी भरलं, पुन्हा चक्कर. आवाज सुंदर. पुन्हा त्याच वळणावर वाफ.
दिनू कुंपणापाशी आला, मुद्दाम. "अरे, ते पाणी गात नाय. हवा अडकलीय नळीत. नळी टाकीच्या झाकणाहून उंच टांगल्यावर हवाच बसणार तिथं, पाणी फिरणार कसं? शाळेतल्या कवितांनी तुझ्या डोक्यातबी तीच भरलीय!"
मी म्हणालो, "हवा तुझ्या छातीत होती. दादांनी जन्मभर ती शेकत बसायचं, आणि तू त्यांचा हीटर उपटून फेकलास."
आत गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावलं.
जेवण गेलं नाही. पण बोललो ते बोललो. मागं घेणार नाही.

२७ जाने.
सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. दादा प्रत्येक थांब्यावर रेडिएटरमधे पाणी घालायचे. "घोड्याला पाजतो" म्हणायचे. मला वाटायचं लाड करतात. रोज भरलेली टाकी, गळती कुठं नाही, मग रोज पाणी कमी का व्हायचं?
झाकण काढलं. काठोकाठ. वरची कमान हातानं दाबली, सोडली, दाबली. नळीनं ढेकर दिला आणि टाकीतलं पाणी बोटभर खाली गेलं.
हवाच. हरामखोराचं खरं निघालं.
सुतळी कापली. नळ्या आता बाजूनं, बॅटरीखालून, झाकणाच्या पातळीच्या खालून. रफिकभाईंच्याच वाटेनं, त्यांना सांगणार नाही. पुढची चाकं फरशांवर चढवून तोंड वर केलं, झाकण उघडं, हीटर पूर्ण सोडलेला, इंजिन चालू. बुडबुडे येत राहिले. आले की पाणी घाल. पुन्हा बुडबुडे. शेवटी थांबले.
दुपारभर चालू ठेवली. काटा मधोमध. डॅशबोर्डाखालून गरम वारा.
आवाज नाही.
कान लावला, डब्यावर टिचक्या मारल्या. काहीच नाही. दिनूनं नळ्या नेल्या. आवाज मी घालवला.
कमान परत बांधावी असं संध्याकाळी एकदा वाटलं. सुतळीचा तुकडा खिशात ठेवलाय.

२८ जाने. रविवार
तांबडं फुटायच्या आत उठलो. लई थंडी. पाणी बघितलं, क्लिपा बघितल्या. पाण्याचा डबा डिकीत ठेवला होता, तो काढून घरात आणला. डबा लागला तर हरलोच.
दारावर थाप. क्रेनवाला एक दिवस आधी आला म्हणून ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.
दिनू.
मी मेल्यावरच हा माझी पायरी चढेल, तेही खात्री करायला, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय. मफलर, स्वेटर, पायात चपला उलट्यासुलट्या. एक हात चौकटीवर. छाती वाजतेय. बारीक शिट्टी, मधे तुटणारी. ती मात्र तेव्हासारखीच.
"दम्याचा पंप संपला का तुझा?"
मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
"दवाखान्यात जायचं का?"
"गाडी काढ," म्हणाला. तेवढ्याला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. पाचोडला, दवाखान्यात, की गाडी उकळताना जवळून बघायला? डोळ्यांत तोच जुना विखार आहे, त्यात काही फरक नाही.
शेडात नेऊन पुढच्या सीटवर बसवलं. बसल्या बसल्या त्यानं पाय हीटरकडं सरकवले. त्याच्यासमोर चेहरा सावरेना, म्हणून चावी आणतो सांगून आत येऊन हे लिहितोय.
चावी खिशातच आहे. सुतळीशेजारी.