लाल मुंग्यांची राखण

९ फेब्रुवारी
माझ्या नवऱ्याने, साबीने मुदत दिली — जूनपर्यंत! तोवर आंबे सुधारले नाहीत, तर माझ्या आईने लावलेली तीसही झाडं तोडून काजू लावणार. गेल्या वर्षी पाराकू शहरातल्या व्यापाऱ्याने दहा आंबे चिरले, नवांत अळ्या वळवळल्या. ट्रक रिकामा परत. इतकी वर्षं फवारतोय. फळमाशी ढिम्म, खोकला मात्र साबीला. थोरले दीर वोरू खुशीत. त्यांनी आजच करवतीला धार लावून घेतली.

१७ फेब्रुवारी
शेतकी खात्याच्या आफियावीबाई आल्या. फवारणी बंद करा म्हणाल्या. "झाडांवर लाल मुंग्या आणून सोडा. त्या फिरतात तिथे माशी अंडी घालायला बसत नाही."
साबी हसता हसता खोकलाच. "माशी घालवायला मुंग्या! मग मुंग्या घालवायला काय, खवले मांजर पाळू?"

१९ फेब्रुवारी
ओढ्याकाठच्या झाडावरची सहा घरटी काढली — पानं शिवून केलेली, काय सुबक! पोत्यात भरून डोक्यावर घेतली. पोत्याला भोक होतं. कळलं ते भर बाजारात. अशी नाचले की बायकांना वाटलं, अंगात आलं. एक म्हातारी पाया पडली, "माझ्या सुनेला मूल होईल का गं?" मी ओरडले, "होईल, होईल, आधी पाणी ओत!"

२० फेब्रुवारी
मान वळत नाही.

४ मार्च
मुंग्यांना ये-जा करायला झाडाझाडांत दोऱ्या बांधल्या. साबी : "कपडे कधी वाळत घालणार?" मुंग्या टिकाव्यात म्हणून मासळीची आतडी टाकते, तर त्यावरही रुसला. "मुंग्यांना मासळी आणि मला कोरडं कोनफळ!"

११ एप्रिल
गळलेले आंबे रोज वेचते. काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवले की अळ्या आतच मरतात. आज दोन आंबे साबीने उचलून पिशवीत टाकले. मी पाठ फिरवून वेचत राहिले. बोलले असते, तर परत काढून ठेवले असते!

३ मे
साबी गावाला गेलेला, आणि वोरू करवत घेऊन हजर!
"भाऊजी, मुदत संपली नाही अजून."
"जूनमध्ये काय वेगळं होणार आहे? बाजूला हो."
भाऊजी झाडावर चढले. दुसऱ्या फांदीपर्यंत पोचले असतील — एकच बोंब! खाली उडी, सदरा गेला, मग... जाऊ दे, थोरले दीर आहेत. ओढ्यापर्यंत पळाले एवढं खरं. मी हसू दाबता दाबता रडलेच. थोडं भीतीनेही.
साबी आला. फांदीत अडकलेली करवत पाहिली. "मी नव्हतं सांगितलं त्याला." एवढंच.

२६ मे
व्यापारी आला. हातापायांना राख चोळून तोडणी केली, तरी मुंग्या चावल्याच. त्याने चाकू काढला. मी डोळे मिटले. एक, दोन... नऊ स्वच्छ! दहावा तो उभ्या उभ्या खाऊन बसला. "यात अळी असलीच, तर गेली पोटात!" ट्रक भरून गेला.
संध्याकाळी साबीनेच मुंग्यांना मासळीची आतडी टाकली.

८ जून
आज शहरातून साहेब आले, बागेची नोंद करायला. विचारलं, "मालक कोण?" साबी पुढे झाला. तो म्हणाला,
"ही. मी हिच्याकडे कामाला आहे."