जयाचा हात आणि पेंढ्याचा माळा

दहिवली, कार्तिक वद्य ५, सन १९४६

मुंबईहून आलेला डॉक्टर दीडशहाणा निघाला! चार दिवसांमागं सकाळी माझ्या नातीच्या हातावर ओरखडे काढले, वर भाताच्या धुळीचं पाणी टाकलं, मुंगी चावल्याइतकंच फुगलं, नि कागदावर लिहून दिलं, काही नाय. तो कागद तुला दाखवला ही माझी अक्कल.

सौ. मोतीबाईस आनंदीबाईचा रामराम वि. वि. इकडे सगळी खुशाल, जया सोडून. माझी सून जया शिंकायचं सोंग करते, असं तू पोशीरभर सांगितलंस, ते इथवर पोचलं. आता ऐक. माझी छत्री दवाखान्यात राहिली म्हणून काल आमी दोघी परत गेलो, तवा सांज झालेली. छत्री सापडेना, मी दवाखाना डोक्यावर घेतला. मला गप करायला डॉक्टरानं जयाच्या हातावर तेच पाणी परत टाकलं. भज्याएवढं टेंगूळ आलं गं! म्हणतो, हे अंग सकाळी दबून असतं, सांजेला उसळतं. छत्री गेली ती गेलीच. पोरीला भाताच्या झोडणीला धाडणार नाय. लोभ हाय तेवढा पुरे, वाढवू नको.

आनंदीबाई

पोशीर, कार्तिक वद्य १०

वडीलधाऱ्या आनंदीआजीस मोतीबाईचा पाया पडून नमस्कार. पत्र वाचून हसू आलं. सकाळी फुगत नाय ना? मग सकाळी झोडू दे, सांजेला चुलीपाशी बसू दे. आमच्या म्हशीचा पाय पण कामाच्या वेळीच दुखतो. माझा लेक धाकलू म्हणतो, रात्री जया दम लागून उठून बसते. तो बायकोचा बैल, त्याचं काय ऐकायचं! सोमवारपर्यंत आली नाय तर तुमच्याकडेच ठेवा, आमी लेकाला दुसरी बघू. आशीर्वाद असावा.

मोतीबाई

दहिवली, कार्तिक वद्य १३

दुसरी बघ की! पण आधी तिला तुझा माळा दाखव.

मोतीबाईस आशीर्वाद, मागितलास म्हणून. धाकलू परवा इथं जेवून गेला, तुला ठाव नसंल. त्यानंच सांगितलं, दोघांचं अंथरूण पेंढ्याच्या माळ्याखाली हाय, वर उंदीर पळाला की धूळ तोंडावर. सांजेला उसळणारं अंग, नि निजायला ती जागा! डॉक्टर म्हणाला, धूळ सकाळी आत जाते नि दम रात्री काढते. तवा जया लावणी करील, रांधील, तुझे पाय चेपील, झोडणी नाय. नि मधल्या घरातली तुझी जागा त्या दोघांना, माळ्याखालची तुला. तुला तर काही होत नाय, सोंगं तुझ्या घरात फक्त सून करते. कबूल असंल तर सोमवारी मी स्वतः आणून सोडते.

माया ठेव, नाय ठेवलीस तरी जागा दे. नि उत्तर तू लिहायचं नाय. धाकलूनं लिहायचं, माळ्याखाली कोणाला निजवतो, बायकोला का आईला.

आनंदीबाई